हजेरीपटावरचा वाद्यवृंद



आमच्या व्हायोलिनवादक सरांच्या नावानं चालणाऱ्या व्याख्यानमालेत संगीतावर बोलावं हे ओघानंच येतं. पण मी संगीतातला जाणकार नाही. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. मैफलीत मी जन्मभर पुढच्या रांगेत बसलो, आणि तिथे बसूनही माझं अर्धं लक्ष हिशेबाकडे असायचं. तबलजींची बिदागी किती ठरली, तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीच्या हातावर कुणी काही ठेवतं का, सभागृहाचं भाडं कुणाच्या खिशातून गेलं. तेव्हा आज मी स्वरांबद्दल कमी आणि पगाराबद्दल जास्त बोलणार आहे. सरांची याला हरकत नसती. मेळ्यांपासून संगीत नाटकांपर्यंत सगळीकडे त्यांनी व्हायोलिनची साथ केली, आणि ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी मिळाले असं त्यांच्या तोंडून कुणीही ऐकलेलं नाही.

गोष्ट आहे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची, करोनाच्या दोन वर्षांतली. बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं, कामगारांचं शहर. तिथे सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्रा नावाचा वाद्यवृंद आहे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवातली फर्माइशी गाणी डोळ्यांपुढे येतात, म्हणून आधीच सांगतो, हे प्रकरण वेगळं आहे. पंचाहत्तरच्या आसपास वादक, वर्षाला दीडशेच्या घरात कार्यक्रम, आणि या सगळ्या वादकांना दर महिन्याला पगार. पगार या शब्दाकडे लक्ष असू द्या. लंडनच्या मोठमोठ्या नामांकित वाद्यवृंदांत बहुतेक वादकांना मासिक पगार नाही. ते स्वतःच संस्थेचे मालक असतात आणि वाजवतील त्या दिवसाचे पैसे घेतात. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, बोर्नमथ अशा राजधानीबाहेरच्या गावांतले वादक मात्र नोकरदार आहेत. आपल्या बोलीत सांगायचं तर मस्टरवर आहेत.

हा वाद्यवृंद कसा तयार झाला तेही ऐकण्यासारखं आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना नेव्हिल चेंबरलेन हे गृहस्थ बर्मिंगहॅमचे महापौर होते. पुढे पंतप्रधान होऊन, म्युनिकला हिटलरशी करार करून परतलेले तेच. इतिहासानं त्यांना फार दयेनं वागवलेलं नाही, पण महापौर म्हणून त्यांनी मांडलेली एक कल्पना टिकली: शहराचा स्वतःचा वाद्यवृंद असावा आणि त्याला शहराच्या करातून पैसे मिळावेत. त्याप्रमाणे पालिकेनं वर्षाला १,२५० पौंडांचं अनुदान मंजूर केलं आणि ५ सप्टेंबर १९२० रोजी, रविवारी, थिएटर रॉयलमध्ये अ‍ॅपलबी मॅथ्यूज यांच्या संचालनाखाली पहिला कार्यक्रम झाला. ग्रॅनव्हिल बँटक यांच्या ‘सॉल’ या रचनेनं सुरुवात झाली. नोव्हेंबरमध्ये टाउन हॉलमध्ये खुद्द संगीतकार एल्गर आपल्या रचना घेऊन उभे राहिले. १९१८-१९ची इन्फ्लुएंझाची साथ सरून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पालिकेनं पैसे देणं ही काही बर्मिंगहॅमची एकट्याची अक्कल नव्हे, समुद्रकाठच्या बोर्नमथनं १८९३ मध्येच स्वतःचा वाद्यवृंद बाळगला होता. पण तो हवा पालटायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. बर्मिंगहॅमनं केला तो घरच्यांसाठी.

तर २०२० हे या वाद्यवृंदाच्या शताब्दीचं वर्ष. हंगामाचा कार्यक्रम छापून झालेला. जानेवारीत संगीत संचालक मिर्गा ग्राझिनीते-तिला यांनी माहलरची आठवी सिम्फनी सादर केली. ही रचना ‘हजारांची सिम्फनी’ म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्ष हजार माणसं उभी राहिली नाहीत तरी वादक, मोठे गायकवृंद, मुलांचा गायकवृंद मिळून काही शे माणसं एका मंचावर खांद्याला खांदा लावून छाती भरून गातात. दोनच महिन्यांनी, १६ मार्चला, ब्रिटनच्या पंतप्रधानांनी लोकांना नाट्यगृहांत जाऊ नका असं सांगितलं आणि २३ तारखेला देश बंद झाला. मिर्गा स्वतः मार्चमध्येच करोनानं आजारी पडल्या.

याच मार्चमध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत, एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. तारीख १० मार्च, हजर ६१ जण. त्यातल्या ५३ जणांना आजार झाला, त्यातही काही निव्वळ लक्षणांवरून धरलेले, आणि दोघे दगावले. तालमीत हातांवर सॅनिटायझर लावलं होतं, कुणी गळाभेट घेतली नव्हती. ही बातमी जगभरच्या संगीतवाल्यांच्या पोटात गोळा आणणारी होती. घशातून निघणारा आवाज, फुंकून वाजणारं वाद्य, या गोष्टी एकाएकी संशयित ठरल्या.

पहिले काही महिने तंत्रज्ञानाचे गेले. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील: पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एकेक वादक, आपल्या घरातून वाजवणारा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या वाद्यवृंदानं मार्चमध्येच बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीतला आनंदगीताचा भाग असा करून दाखवला आणि जगभर तो बघितला गेला. मीही पाहिला, डोळे पाणावले, खोटं कशाला बोलू. पण त्यात एकत्र वाजवणं नव्हतं. प्रत्येकानं कानात टिकटिक ऐकत आपापला भाग एकट्यानं वाजवला आणि नंतर ध्वनिमुद्रकानं ते सगळे धागे एकत्र शिवले. इंटरनेटवरून खरोखर एकाच वेळी वाजवायला गेलं तर आवाज पोचायला इतका उशीर होतो की लय हातातच राहत नाही. एकानं दुसऱ्याचं ऐकून आपला स्वर किंचित उतरवणं, दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घेणं, हे त्या चौकटींतून वजा झालं होतं. माझ्या मते तिथे वाद्यवृंदाचं छायाचित्र होतं, वाद्यवृंद नव्हता.

या काळात बर्मिंगहॅमचे वादक जगले कशावर? ब्रिटिश सरकारनं काम बंद पडलेल्या नोकरदारांसाठी योजना आणली. मालकानं माणूस कामावरून काढायचा नाही, आणि पगारातला ८० टक्के भाग, महिन्याला कमाल २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देणार. ही योजना सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत चालली. चेलोवादक, ट्रम्पेटवादक, गाड्यांच्या कारखान्यातला फिटर, हॉटेलातला वेटर, सगळ्यांना एकच नियम. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. ‘कलावंतांना मदत’ म्हणून कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही, कुणाला व्यासपीठावर बोलावून पाकीट दिलं नाही. हजेरीपटावर नाव होतं, पैसे खात्यात आले. वादकाची प्रतिष्ठा राखायची तर याहून सोपी रीत नाही.

आता मंचावर जाऊ. उन्हाळ्याच्या अखेरीस वादकांना पुन्हा एकत्र बसायची परवानगी मिळू लागली, पण अंतर ठेवून. तारवाद्यं वाजवणारे मास्क लावून बसले, फुंकून वाजवणाऱ्यांना ते शक्यच नव्हतं, म्हणून त्यांना आणखी लांब. आणि इथे एक अडचण आली, जी बाहेरच्या माणसाच्या डोक्यात येणार नाही. वाद्यवृंदात व्हायोलिनवाले दोघे दोघे बसतात, दोघांत एक स्टँड, त्यावर एकच स्वरलिपीची वही. पान संपत आलं की प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा गज थांबवून पान उलटतो. शंभर-दीडशे वर्षं हे असंच चालू आहे. पान उलटताना अर्धेच वादक गप्प होतात, म्हणून संगीत तुटत नाही. स्वरलिपी छापणारेही हे गृहीत धरून छापतात. आता प्रत्येकाला वेगळा स्टँड, शेजारी दोन मीटरवर. पान उलटायचं तर सगळे एकदमच थांबणार! मग कुणी वहीची पानं झेरॉक्स करून शेजारी शेजारी चिकटवली, कुणी टॅब्लेट आणून पायानं दाबायचं बटण लावलं. पितळी वाद्यांची आणखी वेगळी तऱ्हा. फुंकून फुंकून नळीत वाफेचं पाणी साठतं, ते वादक एरवी कळ दाबून सरळ जमिनीवर सोडतो. आता त्याच्या पायाशी टॉवेल किंवा शोषून घेणारा कागद आला, आणि तो टाकायची व्यवस्था ज्याची त्यानं करायची.

अंतराचा खरा घाव मात्र कानावर होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे वीस मीटर लांब बसलेल्या वादकाचा स्वर तुमच्यापर्यंत यायला जवळपास ६० मिलिसेकंद लागतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ज्यांचं सारं कसब सगळ्यांनी मिळून एकाच क्षणी सुरू होण्यात आहे, त्यांना हे ६० मिलिसेकंद दातात अडकलेल्या कणासारखे छळतात. मागच्या रांगेतल्या वादकाला सवयच लावून घ्यावी लागते की कानावर विश्वास ठेवायचा नाही, संचालकाच्या हाताकडे बघायचं आणि ऐकू येतंय त्याच्या जरा आधी वाजवायचं. ही कला मोठ्या वाद्यवृंदातल्या प्रत्येकाला थोडीफार येतेच, पण आता व्हायोलिनच्या चौथ्या रांगेतल्या मुलीलाही ती नगारेवाल्याइतकी यावी लागली.

गाण्यात नेमका धोका किती हे ठरवणार कोण? ते एका शस्त्रक्रियागृहात ठरलं. इम्पीरियल कॉलेज आणि ब्रिस्टल विद्यापीठाच्या मंडळींनी २५ व्यावसायिक गायक-गायिकांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, कारण तिथली हवा इतकी स्वच्छ असते की तोंडातून निघालेले कण तेवढेच मोजता येतात. तिथे या लोकांना एका नळकांड्यासमोर उभं करून वाढदिवसाचं ते आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं इंग्रजी गाणं हळू, मध्यम, मोठ्यानं म्हणायला लावलं आणि तेच शब्द बोलायलाही लावले. निष्कर्ष असा की गाणं आणि बोलणं यांत फरक थोडा, खरा फरक आवाज किती चढवता यात. अगदी हळू आणि अगदी मोठ्यानं यांत कणांचं वजन वीस-तीस पटींनी वाढतं. ऑगस्ट २०२० मध्ये हे निष्कर्ष आले आणि त्याच महिन्यात इंग्लंडमधले नियम सैल झाले. आपल्याकडे कुणी भजनी मंडळाला किंवा शाहिराला असं कधी मोजलं असेल असं वाटत नाही. एखाद्या पोवाड्यानं त्या यंत्राचा काटा कुठे नेला असता, देव जाणे!

मंचावर माणसं कमी मावणार म्हटल्यावर वाजवायचं काय हा प्रश्न आला. माहलर बाद, स्ट्राउस बाद. मग जुनी कपाटं उघडली गेली आणि त्यात १९१८ साल सापडलं.

त्या वर्षीच्या सप्टेंबरमधल्या लागोपाठच्या दोन तारखा मला फार आवडतात. २८ सप्टेंबर १९१८, स्वित्झर्लंडमधलं लोझान गाव. स्ट्राविन्स्कीच्या ‘सैनिकाची गोष्ट’ या नाट्यकृतीचा पहिला प्रयोग. युद्धामुळे पैसा नाही, माणसं नाहीत, म्हणून त्यानं फक्त सात वादक घेतले. सात वादक, थोडे नट, एक नर्तकी, सामान गाडीत घालायचं आणि गावोगाव जायचं, आपल्या फिरत्या नाटक कंपन्यांचाच बेत. तो पहिला प्रयोग झाला, आणि इन्फ्लुएंझाच्या साथीनं पुढचा दौरा बुडाला. दुसरी तारीख २९ सप्टेंबर १९१८, लंडन. गुस्ताव होल्स्टच्या ‘ग्रह’ या अजस्र रचनेचं पहिलं वादन, निमंत्रितांसमोर. याला पूर्ण वाद्यवृंद, सहा फ्रेंच हॉर्न, ऑर्गन, शिवाय पडद्याआड बायकांचा गायकवृंद. संचालक होते तरुण एड्रियन बोल्ट, जे पुढे १९२४ ते १९३० या काळात बर्मिंगहॅमच्या याच वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. जाता जाता सांगतो, या होल्स्टनं मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून संस्कृत शिकून घेतलं होतं. ऋग्वेदातल्या सूक्तांवर त्याच्या रचना आहेत आणि ‘सावित्री’ नावाची छोटी संगीतिकाही.

२०२० मध्ये जिकडेतिकडे ‘सैनिकाची गोष्ट’ वाजू लागली. संगीतकार शोनबर्गनं युद्ध संपल्यावर व्हिएन्नात एक खाजगी मंडळ चालवलं होतं, तिथे मोठ्या सिम्फन्या दहा-पंधरा वादकांत बसवून वाजवत. टीकाकारांना आत येऊ देत नसत आणि टाळ्या वाजवायलाही बंदी होती. अर्विन श्टाइननं त्यासाठी १९२१ मध्ये बसवलेली माहलरची चौथी सिम्फनी शंभर वर्षांनी पुन्हा कामाला आली. टंचाईत लिहिलेलं संगीत टंचाईतच उपयोगी पडलं. बोर्नमथच्या वाद्यवृंदानं तर २०२०च्या शरदात पूल गावच्या सभागृहातून आठवड्यागणिक थेट प्रक्षेपणाचा अख्खा हंगाम उभा केला. त्यांचे श्रोते नैऋत्य इंग्लंडभर विखुरलेले, त्यांना घरबसल्या तिकीट काढून ऐकता आलं.

बर्मिंगहॅमची शताब्दी ५ सप्टेंबर २०२० ला यायची ती आलीच. वाद्यवृंदाचं नेहमीचं सभागृह, सिम्फनी हॉल, बंद. सव्वादोन हजार खुर्च्यांचं ते सभागृह १९९१ मध्ये उघडलं, आणि ते व्हावं म्हणून ज्यांनी जीव टाकला ते संचालक सायमन रॅटल १९८० ते १९९८ अशी अठरा वर्षं इथे होते. पंचविशीत आले, शहराबरोबर मोठे झाले, मग बर्लिनला गेले. तेच परत आले. कार्यक्रम झाला लाँगब्रिजच्या एका गोदामात. नाटक-कॉन्सर्टसाठी दिवे आणि सामान भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं गोदाम ते. लाँगब्रिज हे नाव बर्मिंगहॅमच्या कामगाराला वेगळं सांगावं लागत नाही. ऑस्टिन आणि पुढे रोव्हर गाड्यांचा प्रचंड कारखाना तिथे होता. २००५ मध्ये तो बंद पडला आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या परिसरातल्या गोदामात, मधे अंतर ठेवून, प्रेक्षकांशिवाय, कॅमेऱ्यांसमोर वाद्यवृंदानं आपला वाढदिवस केला. शेकू कॅने-मेसन या तरुणानं सां-सॉन्सचा चेलो कन्चेर्टो वाजवला, स्ट्राविन्स्कीचा ‘फायरबर्ड’ झाला, अनुष्का शंकर सतार घेऊन आल्या, आणि ‘स्लमडॉग मिलियनेअर’मधलं ए. आर. रहमानचं संगीतही वाजलं. मुंबईच्या झोपडपट्टीवरच्या सिनेमाचं संगीत, बंद पडलेल्या मोटार कारखान्याच्या परिसरात, शताब्दीच्या समारंभाला. शताब्दीचा मान म्हणून यापेक्षा भारदस्त काही निवडता आलं असतं असं म्हणणारे असतील, पण ज्या शहरात भारतातून, पाकिस्तानातून, कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं चार पिढ्या राहतात, त्या शहराचा वाद्यवृंद आणखी काय वाजवणार?

इथपर्यंतची गोष्ट मस्टरवरच्यांची. आता मस्टरबाहेरच्यांची.

पगारी वाद्यवृंदालाही जादा माणसं लागतात. चौथा हॉर्न, दुसरी हार्प, आजारी पडलेल्याच्या जागी कुणी. ही माणसं रोजंदारीवर येतात. याशिवाय लंडनचे बहुतेक वादक, नाट्यगृहांच्या खड्ड्यात बसून संगीतिका वाजवणारे, चर्चमधल्या लग्नांत गाणारे. यांच्यासाठी सरकारची वेगळी योजना होती, आणि तिला चाळण्याच चाळण्या. किमान निम्मं उत्पन्न स्वतंत्र कामातून हवं. नुकतीच कामाला सुरुवात केलेल्यांना काही नाही. थोडं शिकवणीचं, थोडं नोकरीचं, थोडं रोजंदारीचं असं तुकड्यातुकड्यांनी पोट भरणारे, म्हणजे कितीतरी वादक, फटीत पडले. सप्टेंबरच्या अखेरीस पुढच्या हप्त्याची घोषणा झाली: सरासरी नफ्याच्या २० टक्के.

६ ऑक्टोबर २०२० रोजी लंडनच्या पार्लमेंट चौकात चारशेच्या आसपास मुक्त वादक आपापली वाद्यं घेऊन, मास्क लावून, अंतर ठेवून उभे राहिले. त्याच वेळी बर्मिंगहॅमच्या सेंटेनरी चौकातही वादक जमले. त्यांनी होल्स्टच्या ‘ग्रह’मधला ‘मंगळ’ सुरू केला, पाच मात्रांचा तो युद्धाचा ठेका. हा भाग साधारण सात मिनिटांचा आहे. दीड मिनिट झालं आणि ते थांबले. पूर्ण रचनेच्या २० टक्के. त्यानंतर दोन मिनिटं सगळे गप्प उभे. घोषणा नाहीत, भाषण लांबलचक नाही. एवढा नेमका निषेध मी तरी दुसरा पाहिला नाही. हिशेबाच्या माणसाला तर तो फारच भावला. पुढे ही टक्केवारी वाढवण्यात आली. त्याचं श्रेय या दीड मिनिटाला किती आणि दुसऱ्या लॉकडाउनला किती, हे सांगणं कठीण आहे. माझ्या मते लॉकडाउनला जास्त.

त्याच महिन्यात समाजमाध्यमांवर एक सरकारी जाहिरात फिरली. बॅले नर्तकी बुटाची नाडी बांधते आहे आणि खाली मजकुराचा आशय असा की या मुलीची पुढची नोकरी सायबर क्षेत्रात असू शकेल, तिला अजून ठाऊक नाही एवढंच. जाहिरात मुळात आदल्या वर्षीच्या मोहिमेतली होती, पण कलावंतांनी दुसरं काम शिकावं अशा सूचना तेव्हा हवेत होत्याच. गहजब झाला, सांस्कृतिक मंत्र्यांनीच तिला असभ्य म्हटलं आणि ती मागे घेतली गेली.

आता थोडं आपल्याकडे बघू. मुंबईचा आणि इंग्लंडच्या या प्रादेशिक वाद्यवृंदांचा संबंध जुना आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. पुढे १९५५ मध्ये ते मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले. म्हणजे मुंबईचा संस्थापक मँचेस्टरच्या मस्टरवर गेला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता १९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा जिंकले आणि तिथल्या वाद्यवृंदात साहाय्यक संचालक झाले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आजचा मुंबईचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झाला. वर्षात फेब्रुवारी आणि सप्टेंबर असे दोन हंगाम, आणि त्यासाठी बरेचसे वादक परदेशातून येतात. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली तेव्हा मंच आपला, सभागृह आपलं, पण वादकच समुद्रापलीकडे अशी गत झाली.

पण आपल्या मातीतलं मस्टर नसलेलं कलाक्षेत्र बघायचं तर नारायणगावला जायला हवं. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फड बघतात, घासाघीस होते आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. फडमालकाचं वर्षाचं गणित या थोड्या दिवसांत बसतं. त्यानं सावकाराकडून उचल घेतलेली असते, ती या सुपाऱ्यांवर फिटायची. २०२० चा गुढीपाडवा होता २५ मार्चला. देशाच्या टाळेबंदीचा पहिला दिवस! जत्रा गेल्या, लग्नं पन्नास माणसांत उरकायला लागली आणि बँडवाले घरी बसले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव त्या डिसेंबरात झाला नाही. नाट्यगृहं ५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच राहिली. नाटकात नटाला ‘नाइट’ मिळते, प्रयोग झाला तर. प्रयोग नाही तर नाइट नाही, आणि पडद्यामागच्या माणसाला तर तेवढीही हमी नसते. ढोलकीवाले भाजी विकायला बसले, ऑर्केस्ट्रातले की-बोर्डवाले घरपोच सामान पोचवू लागले. आम्ही त्यांना धान्याची पाकिटं दिली, फोटो काढले. मीही दिली, मी वेगळा नाही. पण सरकारला मदत करायची म्हटली तरी ती पोचवायची कुणाला? यादी कुठे आहे? कुणाच्याही हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. बँकेत आम्ही कर्ज मागायला आलेल्या वादकाला पगाराची स्लिप विचारायचो, आणि तो खजील होऊन हसायचा, हे मी स्वतः खिडकीच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

मग बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद वाचला असं म्हणून मी थांबावं, तर गोष्ट तिथे थांबत नाही. इंग्लंडमध्ये १७ मे २०२१ पासून सभागृहं मर्यादित प्रेक्षकांना उघडली, १९ जुलैपासून सगळ्या खुर्च्या खुल्या झाल्या. मिर्गा २०२२ मध्ये मुख्य पदावरून बाजूला झाल्या, पुढे त्यांच्या जागी काझुकी यामादा आले. आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी, तारीख पुन्हा तीच निघाली हा योगायोग, बर्मिंगहॅम महापालिकेनं कायद्याप्रमाणे जाहीर केलं की आपला जमाखर्च जुळत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. मग २०२४ च्या अंदाजपत्रकात शहरातल्या कलासंस्थांचं अनुदान पहिल्या वर्षी निम्मं आणि २०२५-२६ पासून शून्य करायचं ठरलं. त्यात हा वाद्यवृंदही आला. १९२० पासूनचा धागा असा तुटला. साथीनं जे केलं नाही ते ताळेबंदानं केलं.

वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी पालिकेला शिव्या घातल्या. मी मात्र त्या ताळेबंदात जरा खोल गेलो, सवयीनं. पैसे गेले कुठे? संगणकप्रणाली बदलण्याच्या कामावर अफाट खर्च झाला, ती अनागोंदी होतीच. पण मोठा बोजा समान वेतनाच्या दाव्यांचा होता. पालिकेच्या नोकरीतल्या स्वयंपाकीण बायका, सफाई करणाऱ्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करणाऱ्या, यांना वर्षानुवर्षं कचरा उचलणाऱ्या आणि रस्ते झाडणाऱ्या पुरुषांपेक्षा कमी मिळत होतं. पुरुषांना बोनस, यांना नाही. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या बायकांच्या बाजूनं निकाल दिला, आणि तेव्हापासून पालिकेनं शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम चुकती केली. तरी देणं संपलं नव्हतं.

म्हणजे इथेही प्रश्न हजेरीपटाचाच निघाला. या बायकांची नावं पटावर होती, पगार दर महिन्याला मिळत होता, फक्त कमी मिळत होता. ज्या शहरानं वादकांना सन्मानानं पगार दिला त्याच शहरानं आपल्या स्वयंपाकिणींचे पैसे मारले होते, आणि वसुली आली तेव्हा पहिली कात्री वादकांवरही चालली. प्रश्नोत्तरांत कुणी मला विचारणारच, की तुम्ही त्या पालिकेत असता तर काय केलं असतं. उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. वाद्यवृंदासाठी मी शेवटपर्यंत भांडलो असतो, पण त्या बायकांचं देणं आधी फेडलं असतं.